कचेरी किती कोसांवर : बुलढाणा जिल्ह्याच्या लोककारभाराचा वृत्तांत

इतिहास म्हटला की आमच्या जिल्ह्यातला माणूस प्रथम सिंदखेडकडे बोट दाखवितो, आणि त्यात काही वावगे नाही. जिजाबाईंचे जन्मस्थान ज्या जिल्ह्यात आहे त्याने दुसरे काय दाखवावे? जोडीला लोणारचे सरोवर आहे, मेहकरचा बालाजी आहे, शेगावची समाधी आहे. परंतु आज ज्या इतिहासाविषयी आम्ही चार शब्द सांगणार आहोत तो यांपैकी कोणत्याही ठिकाणी पाहावयास मिळत नाही. तो कचेरीतल्या दप्तरांत आहे, ठरावांच्या वह्यांत आहे, चावडीच्या भिंतीवर चिकटविलेल्या आणि पहिल्या पावसात धुऊन गेलेल्या जाहीर नोटिसांत आहे. गावची विहीर कोणी बांधावयाची, मास्तरांचा पगार कोणी द्यावयाचा, कोंडवाड्याच्या दंडाचे पैसे कोणत्या तिजोरीत जावयाचे, आणि यांपैकी कशाबद्दल गाऱ्हाणे असले तर ते घेऊन माणसाने किती कोस चालावयाचे, असा हा साधा इतिहास आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नांची उत्तरे आमच्या जिल्ह्यात अनेकदा बदलली. एकाच गावच्या एकाच शाळेला पणजोबांनी कौन्सिलची शाळा म्हणावे, आजोबांनी जनपदाची शाळा म्हणावे आणि नातवाने जिल्हा परिषदेची शाळा म्हणावे, असा प्रकार आहे. शाळेचे छप्पर मात्र पुष्कळदा तेच.

या वृत्तांतात भूगोलाचा वाटा मोठा आहे, म्हणून आधी तो सांगितला पाहिजे. आमचा जिल्हा दुमजली आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा भाग तो 'घाटावरचा'. त्यात बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार ही गावे येतात. पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्याभोर मातीचा भाग तो 'घाटाखालचा'. त्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. जुन्या कागदांत यांनाच बालाघाट आणि पयनघाट म्हटले आहे. खामगाव पायथ्याशी बसले आहे. कापूस खाली, पैसा खाली, मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे खाली; आणि जिल्ह्याचे ठाणे मात्र वर, थंड हवेत. साहेबलोकांना वैशाखातले पयनघाटाचे ऊन मानवत नव्हते, हे कारण कोणी स्पष्ट लिहून ठेवो वा न ठेवो, बुलढाण्याचा उन्हाळा आणि शेगावचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे त्यास ते सांगावे लागत नाही. घाटाखालच्या शेतकऱ्याला सरकारदरबारी काम पडले की घाट चढणे आले. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढले पुष्कळसे आपोआप उलगडते.

१८५३ साली निजामाकडे थकलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले. सरकारने मुलखाचे दोन भाग केले. दक्षिण वऱ्हाडाचे ठाणे हिंगोली आणि उत्तर वऱ्हाडाचे ठाणे बुलढाणा. म्हणजे आरंभी निम्म्या वऱ्हाडाचा कारभार या लहानशा डोंगरी गावातून चालावयाचा होता. ते वैभव फार टिकले नाही. हिंगोली निजामाकडे परत गेली, पूर्व वऱ्हाड अमरावतीकडे आणि पश्चिम वऱ्हाड अकोल्याकडे असा नवा बटवारा झाला, आणि बुलढाणा मागे पडले. १८६४ साली पश्चिम वऱ्हाडातून आमचा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे नाव प्रथम नैर्ऋत्य वऱ्हाड, मग मेहकर जिल्हा, मग बुलढाणा. बारसे तीनदा झालेले हे मूल तेव्हा तीन तालुक्यांचेच होते : चिखली, मलकापूर आणि मेहकर.

खामगाव त्या वेळी आमचे नव्हते, अकोल्याचे होते. हे गाव कापसाच्या बाजाराने गबर झाले होते. जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा टाकला गेला तेव्हा १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या समारंभाला आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांची जी उपासमार केली होती तिची आठवण ताजी होती, आणि वऱ्हाडचा कापूस लवकर बंदरावर पोहोचावा ही तिकडची निकड होती. जेथे व्हाइसरॉय येऊन गेला, जेथे नगरपालिका १८६७ सालीच स्थापन झाली होती, ते गाव १९०५ साली एका फर्मानासरशी बुलढाण्याला जोडले गेले. बुलढाण्याची स्वतःची नगरपालिका त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी, १८९३ साली, निघालेली. १९०५ च्या त्या फेरमांडणीत वऱ्हाडचे सहा जिल्हे मोडून चार करण्यात आले. वाशीम जिल्हा बरखास्त झाला, एलिचपूर अमरावतीत मिळविले गेले आणि अकोल्याचे खामगाव व जळगाव हे दोन तालुके आमच्या पदरात पडले. खर्चाची काटकसर आणि कारभाराची सोय ही कारणे वरून आली. खामगावकराला काय वाटते हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. स्वतंत्र खामगाव जिल्ह्याची मागणी आमच्या जिल्ह्यात पुढे अनेकदा उठली, तिचे मूळ आम्हांस या १९०५ सालात दिसते. वाशीमच्या लोकांना तर त्यांचा जिल्हा परत मिळावयास १ जुलै १९९८ उजाडावे लागले. त्र्याण्णव वर्षे! सरकारी सोयीने एका दिवसात मोडलेली गोष्ट पुन्हा जोडावयास किती काळ लागतो याचा हा एक हिशेब.

आता लोककारभाराकडे वळू. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर हिंदुस्थानभर स्थानिक स्वराज्याची भाषा सुरू झाली, ती वऱ्हाडातही आली. पण येथे तिने एक गमतीचा वेष घेतला. वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हता. मालकी निजामाची आणि कबजा इंग्रजांचा. त्यामुळे इतर प्रांतांप्रमाणे येथे कायदेमंडळाचे 'ॲक्ट' थेट लागू होत नसत. सरकारच्या हुकमाने 'लॉ' काढावा लागे. म्हणून आमच्या ग्रामीण बोर्डांचा पाया १८८५ चा 'बेरार रूरल बोर्ड्स लॉ' आणि नगरपालिकांचा पाया १८८६ चा 'बेरार म्युनिसिपल लॉ'. १९०२ साली निजामाशी नवा करार होऊन वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने कायमचे घेतले गेले, १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले, तरी ही तऱ्हा संपली नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातले मतदार आपले प्रतिनिधी निवडून देत, आणि मग सरकार त्याच निवडून आलेल्या गृहस्थांची रीतसर 'नेमणूक' करी. कारण परक्या मुलखातला माणूस निवडून आला असे कागदावर म्हणता येत नव्हते. १९३६ सालच्या करारानंतर निजामाच्या वडील मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. चिखलीच्या शेतकऱ्याला आपल्याला एक राजपुत्र लाभला आहे याची कितपत गंधवार्ता होती, कोण जाणे.

या ग्रामीण बोर्डांवर पहिली कित्येक वर्षे डेप्युटी कमिशनरची छाया होती. साहेबाने खुर्चीवर बसावयाचे, देशमुख-पाटील मंडळींनी मान डोलवावयाची. बोर्डाचे उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरची पट्टी, आठवडी बाजाराची वसुली आणि कोंडवाड्याचा दंड. त्यातून रस्त्यावर मुरूम, शाळा, दवाखाना, धर्मशाळा. कामे लहान खरी, पण सर्वसाधारण रयतेचा सरकारशी जो संबंध येई त्यातला निम्मा याच कामांतून येई. १९२० साली मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला आणि जिल्हा कौन्सिले व तालुक्याची लोकल बोर्डे नव्या रूपात उभी राहिली. आता अध्यक्ष लोकांतला आला. या संस्थेच्या हाती खऱ्या अर्थाने काय होते हे आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्याने दाखविले. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ साली तेथील जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे पाऊल त्यांनी उचलले आणि प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढविण्याचे धाडस केले. कर वाढवून लोकप्रिय होणारा अध्यक्ष विरळा; परंतु येथे मुद्दा वेगळा आहे. विहीर कोणाच्या ताब्यात आहे, यावर तिचे पाणी कोणी प्यावे हे ठरत होते. कौन्सिलची विहीर म्हणजे सर्वांची विहीर, असे म्हणण्याचा कायदेशीर अधिकार एका निवडून आलेल्या माणसाच्या हाती प्रथमच आला होता. स्थानिक कारभाराला रस्ते-गटारांचा कारभार म्हणून हिणविणाऱ्यांनी ही विहीर आठवावी.

जिल्हा कौन्सिलाचे ठिकाण मात्र जिल्ह्याच्या गावी. पूर्णेपलीकडच्या जळगाव तालुक्यातल्या माणसाला शाळेची भिंत पडल्याचे सांगावयास नदी ओलांडून, घाट चढून बुलढाण्यास यावे लागे. पावसाळ्यात नदी भरली की गाऱ्हाणे आपले घरीच.

यावर उपाय म्हणून जो प्रयोग निघाला तो आमच्या मते वऱ्हाड-मध्यप्रांताच्या इतिहासातला सर्वांत धीट आणि सर्वांत विसरला गेलेला प्रयोग होय. त्याचे नाव जनपद सभा. १९३७ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा स्थानिक स्वराज्याचे खाते पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याकडे होते. गृहस्थ हिंदी कवीही होते, 'कृष्णायन' त्यांचेच. तेव्हा नव्या संस्थेला त्यांनी महाजनपदांच्या काळातले नाव द्यावे यात नवल नाही. त्यांचे म्हणणे असे की एकाच तालुक्यात दोन कारभार चालतात, एक सरकारचा आणि एक लोकांच्या बोर्डाचा. सरकारच्या हाती माणसे आणि अधिकार आहेत, बोर्डाच्या हाती नुसती चर्चा आहे. हे दोन प्रवाह एकत्र करा. जिल्हा कौन्सिल मोडा, लोकल बोर्ड मोडा, आणि प्रत्येक तालुक्याला एक सभा द्या. तिच्यात खेड्यांचेही प्रतिनिधी असोत आणि त्याच तालुक्यातल्या शहरांचेही असोत. कारभार पाहावयास सरकारचाच महसुली अधिकारी द्या, पण तो सभेच्या ठरावाप्रमाणे चालू द्या. १९३९ साली मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि योजना बासनात गेली. स्वातंत्र्य आल्यावर ती पुन्हा बाहेर आली. १९४८ चा स्थानिक शासनाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जिल्हा कौन्सिले जाऊन जनपदे आली. आमच्या जिल्ह्याचे तालुके तेव्हा पाच : चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव. एका कौन्सिलाच्या जागी पाच सभा झाल्या.

याचा अर्थ काय झाला तो पाहा. जळगाव तालुक्यातल्या माणसाचा घाट सुटला. मेहकरच्या माणसाला बुलढाण्याची वाट धरण्याचे कारण उरले नाही. शाळा, दवाखाना, रस्ता, विहीर यांचा निकाल तालुक्याच्या गावी, बाजारच्या दिवशी बैल विकावयास आला असता लागू शकत होता. शहर आणि खेडे एकाच सभेत बसणे ही तर त्याहून मोठी गोष्ट होती. खामगावच्या आडत्याने ज्याचा कापूस घेतला त्याच्याच गावच्या रस्त्यासाठी त्याच्या शेजारी बसून मत द्यावयाचे! पुढल्या कोणत्याही कायद्याने हे पुन्हा घडवून आणले नाही. आज नगरपालिका वेगळी, जिल्हा परिषद वेगळी. शहराची हद्द संपते तेथे एकाची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, आणि मधल्या ओढ्यावरचा पूल कोणाचाच नसतो.

मग जनपदे बुडाली का? आमच्या समजुतीप्रमाणे त्याची कारणे दोन, आणि दोन्ही योजनेच्या पोटातच होती. पहिले कारण पैशाचे. एका तालुक्याच्या पट्टीत मास्तरांचे पगार भागवून विहिरीसाठी काय उरावयाचे? पयनघाटातल्या कापसाच्या तालुक्याचे एक वेळ बरे चालावे. घाटावरच्या माळरानाच्या तालुक्याने काय करावे? पूर्वीच्या कौन्सिलात श्रीमंत तालुक्याचा पैसा गरीब तालुक्याकडे वळविता येत होता, आता तो मार्ग बंद झाला. शिवाय मलकापूरहून निघालेला रस्ता तालुक्याच्या शिवेवर थांबत नाही, पण सभेचा अधिकार तेथे थांबत होता.

दुसरे कारण अधिक खोल आहे. सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारचा माणूस होता, आणि तहसीलदार त्याच्या हाताखाली. सकाळी जो अधिकारी महसुलाच्या थकबाकीपायी जप्तीचा हुकूम काढी तोच दुपारी सभेत लोकप्रतिनिधींचा सेवक म्हणून बसे. त्याची बढती, बदली आणि गोपनीय शेरा सभेच्या हाती नव्हता. तो डेप्युटी कमिशनरच्या हाती होता. अशा माणसाने दोन धन्यांपैकी कोणाचे ऐकावे हे सांगावयास पंडिताची गरज नाही. लोकांचे दार जवळ आले हे खरे, पण दाराच्या आत खुर्चीवर बसलेला माणूस तोच राहिला. मिश्रांना सरकार लोकांच्या हाती द्यावयाचे होते. हातात पडले ते काहीसे उलटे. त्यातच १९५२ च्या २ ऑक्टोबरपासून सामूहिक विकास योजना सुरू झाली. विकासगट, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक अशी नवी रांग उभी राहिली, नवा पैसा तिच्याकडून येऊ लागला, आणि जनपद सभा आपल्याच तालुक्यात पाहुणी झाली.

इकडे वरच्या मजल्यावर याहून मोठी उलथापालथ चालली होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, यवतमाळ, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचविले होते. ते झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राजधानी नागपूरची मुंबईला गेली. मलकापूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला एवढाच फरक की पूर्वेकडची गाडी धरण्याऐवजी आता पश्चिमेकडची धरावयाची. डेप्युटी कमिशनर जाऊन कलेक्टर आले. देऊळगाव राजापलीकडे १९४८ पर्यंत जी मोगलाई होती ती जालन्याची बाजूही आता त्याच राज्यात आली. परंतु या एका राज्यात स्थानिक कारभाराच्या तीन तऱ्हा नांदत होत्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्ड, मराठवाड्यात हैद्राबादी कायद्याचे जिल्हा बोर्ड, आणि विदर्भात तालुक्याचे जनपद. एका घरात तीन चुली किती दिवस चालणार?

ही एकवाक्यता करण्यासाठी १९६० साली समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक. ते पुसदचे, म्हणजे वऱ्हाडातले. पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले. जनपदांच्या मुलखात वाढलेले. तेव्हा जनपदाची बाजू समितीला ठाऊक नव्हती असे कोणी म्हणू नये. देशपातळीवर बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली असे सांगितले होते की खरा जोर तालुक्यावर, विकासगटावर द्यावा; जिल्ह्याने वरून देखरेख ठेवावी. मेहतांची ही मांडणी आणि मिश्रांचे जनपद ही दोन भावंडेच म्हणावयाची. नाईक समितीने मात्र १९६१ साली उलट कौल दिला. बळकट संस्था हवी ती जिल्ह्याची, असे तिने सांगितले. जिल्ह्याइतके मोठे क्षेत्र असेल तरच पैसा, तज्ज्ञ माणसे आणि योजना एका हाती येतात. आणि दुसरे, त्याहून महत्त्वाचे : कलेक्टरला या संस्थेच्या बाहेर ठेवावयाचे.

आमच्या मते या दुसऱ्या शिफारशीत जनपदाच्या अनुभवाचा धडा आहे. महसूल आणि बंदोबस्त कलेक्टरकडे. शाळा, आरोग्य, शेती, बांधकाम, पाणी परिषदेकडे. परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी वेगळा. आणि जमीन महसुलाच्या ७० टक्क्यांइतके अनुदान परिषदेला. १ मे १९६२ रोजी नवा कायदा अंमलात आला, जनपदे संपली आणि जिल्ह्याची सत्ता पुन्हा घाट चढून बुलढाण्याला गेली. तालुक्याला पंचायत समिती मिळाली, पण ती जनपदाच्या मानाने दुबळी. दार पुन्हा लांब गेले. आत मात्र आता आपला माणूस बसला. या अदलाबदलीत आम्ही काय मिळविले याचा विचार करताना घाटाखालचे आणि घाटावरचे लोक एकच उत्तर देतील असे नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल तर सौदा एकंदरीत फायद्याचा झाला. जिल्हा परिषदेने खेड्यापाड्यांत ज्या संख्येने शाळा आणि आरोग्य केंद्रे नेली ती एकेकट्या पाच जनपदांच्या आवाक्यातली नव्हती. 'मिनी मंत्रालय' हे तिचे नाव लोकांनी ठेवले ते काही थट्टेने नव्हे. पुढे या सभागृहांतून कित्येक माणसे विधानसभेत गेली. पण तालुक्याच्या गावी, बाजारच्या दिवशी निकाल लागण्याची जी सोय एकदा मिळून गेली होती तिची किंमत कोणीच मांडली नाही.

त्यानंतरची तीस वर्षे आम्ही चटकन ओलांडतो, कारण त्यांत चौकट बदलली नाही. वर महसुली विभाग बदलला, १९८१ साली अमरावती विभाग निराळा झाला. पाच तालुक्यांचे हळूहळू तेरा झाले. खरा बदल केला तो १९९३ साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने. दर पाच वर्षांनी निवडणूक घेणे हे तिने सरकारच्या मर्जीतून काढून राज्यघटनेत घातले, आणि स्त्रियांना जागा राखून दिल्या. महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले गेले. ज्या चावडीवर बाईने पदर सावरीत बाजूने जावयाचे तेथे ती सरपंच म्हणून मधोमध बसली. सुरुवातीला तिच्या वतीने बोलणारे पती ठिकठिकाणी होते, हे खरे. परंतु सही तिची होती, आणि सहीची सवय माणसाला धीट करते.

मात्र वरच्यांचा हात आखडता झाला असे समजू नये. सरपंच गावकऱ्यांनी थेट निवडावा की सदस्यांनी, हा वास्तविक गावाचा प्रश्न. २०१७ साली राज्याने ठरविले की थेट निवडावा. २०२० साली सरकार बदलले होते, ठरले की सदस्यांनी निवडावा. २०२२ साली सरकार पुन्हा बदलले, ठरले की थेट निवडावा. पाच वर्षांत तीन निर्णय. यांपैकी कोणती रीत चांगली याबद्दल शहाण्या माणसांत मतभेद असू शकतात. पण कोणत्याही निर्णयापूर्वी ग्रामसभांना विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. १९०५ साली खामगावकराला विचारले गेले नाही ते परक्या सरकारने. ही सरकारे आपली होती.

आणि मग आले २०२२ साल. बुलढाणा जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि नवी निवडणूक झाली नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची हीच गत झाली. मुदत संपली तेव्हा सभागृहे रिकामी झाली आणि प्रशासक आले. परिषदेचा प्रशासक म्हणजे तिचाच मुख्य कार्यकारी अधिकारी. पंचायत समितीचा प्रशासक म्हणजे गटविकास अधिकारी. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घेण्यास सांगितले, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पाच वर्षांची अट घटनेत घातली, तीच अट अशी ओलांडली गेली. जनपदावर आम्ही आक्षेप घेतला तो असा की तेथे सभा लोकांची आणि अधिकारी सरकारचा. येथे अधिकारी सरकारचा होताच. सभा मात्र नव्हती. १८८५ च्या बोर्डात मान डोलवावयाला का होईना, पण समोर कोणी बसलेले तरी असे.

कारभार थांबला असे नाही. रस्ते झाले, पगार झाले, कागद हलले. प्रशासकांपैकी पुष्कळजण कामसू होते, आणि एखाद्या भांडखोर सभागृहापेक्षा कामे लवकर झाली असेही सांगणारे भेटतात. त्यांचे म्हणणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो की ज्या गावाचे काम झाले नाही त्या गावाने कोणाच्या दारी जावयाचे होते? सभागृहात आपल्या गटाचा सदस्य उभा राहतो, टेबलावर हात आपटतो, प्रोसिडिंगमध्ये नोंद होते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. त्या आरड्याओरड्याला आम्ही हसत आलो. तो बंद झाला तेव्हा त्याचे काम काय होते ते कळले.

त्या काळात ग्रामपंचायतींच्या निवडणुका मात्र अधूनमधून होत राहिल्या, जानेवारी २०२१ मध्ये झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये झाल्या. त्यामुळे आमदार-खासदार सोडले तर खेड्यातल्या माणसाला आपण मत दिलेला असा एकच जवळचा कारभारी उरला, तो सरपंच. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले गाव घ्या. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागात विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. त्याने डाळ शिजत नाही, आणि त्या पाण्याशी मूत्रपिंडाच्या विकारांचा संबंध या पट्ट्यात वर्षानुवर्षे बोलला जातो. वान नदीवरच्या धरणाचे गोडे पाणी नळाने यावे यावर तेथल्या कित्येक गावांची भिस्त आहे. नळ कोरडा पडला की बाया सरपंचाच्या अंगणात येतात. सरपंच ठराव करतो किंवा करते. तो ठराव गटविकास अधिकाऱ्याकडे जातो, तेथून तहसील कचेरीत. मग दोन्हीकडचे लोक मिळून गावात येतात, विहीर पाहतात, दोर टाकून तळ मोजतात, आणि टँकरची मंजुरी महसूल खात्याचा अधिकारी देतो. नळयोजनेच्या दुरुस्तीचा कागद निराळा, त्याचा रस्ता निराळा. तो पंचायत समितीतून निघतो आणि नांदुरा ओलांडून बुलढाण्याचा घाट चढतो.